केळीच्या बागेत जाणारी ऑफिसची पँट : जळगावातील एका कापडनिवडीचा अभ्यास

या प्रकरणातील गृहस्थ एका बँकेत कृषी कर्जाचे काम पाहतात. वय पंचेचाळिशीच्या घरात, बांधा मध्यम, मांड्या जरा भरलेल्या, मुक्काम जळगावात. आठवड्यातले निम्मे दिवस ते वातानुकूलित शाखेत बसतात आणि उरलेले दिवस मोटारसायकलवरून यावल, रावेर तालुक्यांतल्या केळीच्या बागा पाहत फिरतात. खोचलेला शर्ट, पँटला इस्त्रीची धार आणि पायात बूट हा त्यांच्या नोकरीचा अलिखित गणवेश आहे. ते आमच्या दुकानात आले तेव्हा जुलै संपत आला होता आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व जांघेत उठलेल्या नायट्याने ते बेजार झाले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम आणि गोळ्या दिल्या होत्याच, शिवाय अंगाला चिकटणारे, घाम न सुकू देणारे कपडे बंद करायला सांगितले होते. त्यामुळे त्यांची मागणी एका वाक्याची होती : "भाऊ, प्युअर कॉटनच्या चार पँटी शिवून द्या." ही मागणी शब्दशः पुरी केली असती तर दुकानाचे चार तुकडे खपले असते, पण पावसाळ्यातला त्यांचा त्रास फारसा हटला नसता.

आधी त्यांच्या अंगावरची पँट पाहिली. कापड पॉलिस्टर आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा) यांच्या मिश्रणाचे, म्हणजे बाजारात ज्याला पी.व्ही. म्हणतात ते, तिरक्या विणीचे आणि थोडे ताणले जाणारे. माया सोडलेल्या जागेतून निघालेले दोन-तीन धागे जळत्या काडीजवळ धरल्यावर ते आक्रसून वितळले आणि टोकाला टणक काळा मणी उरला, म्हणजे पॉलिस्टरचा भाग मोठा होता. त्याच जातीचा एक मीटर तुकडा काट्यावर ठेवला तेव्हा ३६० ग्रॅम भरला. पन्हा ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर, हे धरले तर चौरस मीटरला साधारण २४५ ग्रॅम वजन होते. हा हिशेब ग्राहकाने स्वतः करायला शिकावे असे मला वाटते, कारण काही गिरण्या वजन लांबीच्या मीटरवर सांगतात आणि काही चौरस मीटरवर. "अडीचशे ग्रॅमचे कापड" हे शब्द पहिल्या अर्थाने घेतले तर ५८ इंची पन्ह्यात ते चौरस मीटरला जेमतेम १७० ग्रॅम भरते आणि उन्हाळ्याला चालते, दुसऱ्या अर्थाने घेतले तर तेच कापड हिवाळ्याकडे झुकलेले असते.

मात्र वजनापेक्षाही त्या पँटची रचना जास्त गुन्हेगार होती. कापड तोंडाला लावून जोरात फुंकले तर पलीकडे धरलेल्या तळव्याला वारा लागत नव्हता. आत पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत पॉलिस्टरचे चकचकीत अस्तर होते. खिशांचे कापड दाट विणीचे होते आणि खिसा म्हणजे दोन पदर, म्हणजे मांडीच्या वरच्या भागात कापड, अस्तर आणि खिशाचे दोन पदर मिळून चार थर एकावर एक बसत होते. कमरपट्टीत चिकटवलेले बकरम, म्हणजे पट्टी ताठ ठेवणारे कडक कापड, होते आणि शर्ट सुटू नये म्हणून आतून रबराची पट्टी लावलेली होती. मांडी इतकी बेताची की खाली बसल्यावर कापड कातडीला ताणून चिकटे. अशा पँटचे वरचे कापड तेवढे बदलून सुती केले असते, तरी बाकीचे तीन थर जागेवरच राहिले असते.

आता हवामानाकडे येऊ, कारण खान्देशात हा प्रश्न दुहेरी आहे आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४३-४४ अंशांवर सहज जातो, काही वर्षी ४५च्या पुढेही जातो. पण त्या दिवसांत दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली उतरते. जुलै ते सप्टेंबरमध्ये पारा ३०-३२ अंशांवर येतो, लोक म्हणतात गारवा आला, आणि नेमके तेव्हाच घामोळे आणि नायटे वाढतात. घाम सुकण्याचा वेग नुसत्या तापमानावर ठरत नाही; कातडीजवळच्या बाष्पाचा दाब आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचा दाब यांतल्या तफावतीवर तो ठरतो. ३५ अंशांच्या घामेजल्या कातडीवर हा दाब साधारण ५.६ किलोपास्कल असतो. मे महिन्यात हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर बाहेरचा दाब १.३ च्या आसपास येतो, म्हणजे तफावत चारहून अधिक. ऑगस्टमध्ये ३२ अंश आणि ८० टक्के धरले तर बाहेरचाच दाब ३.८ होतो आणि तफावत दोनपेक्षाही कमी उरते. म्हणजे पारा अकरा अंशांनी उतरूनही घाम सुकण्याची ओढ निम्म्याहून कमी होते. अशा वेळी कापडातून हवा खेळली नाही तर आत अडकलेली दमट हवा जागची हलत नाही आणि घाम ओघळत राहतो.

केळीच्या बागेत यात आणखी भर पडते. झाडे पाच-पाच फुटांवर, वर पानांचे छत, खाली ठिबकची ओल आणि वारा अडवायला बांधाने लावलेली शेवरी किंवा गजराज गवत, त्यामुळे आतली हवा साचून राहते. पिकाला ते हवेच असते. बागेत तासभर फिरणाऱ्या अधिकाऱ्याच्या वाट्याला मात्र रावेरमध्ये राहून कोकणातला ऑगस्ट येतो.

यावरून निवडीची कसोटी बदलली. कोरड्या उन्हाळ्यात कापडाने ऊन अडवावे आणि घाम टिपून घ्यावा एवढे पुरते, कारण पुढचे काम कोरडी हवा करते. दमट दिवसांत मात्र पहिला प्रश्न असा की कापडातून वारा जातो का, दुसरा असा की भिजल्यावर ते मांडीपासून सुटे राहते का, आणि धागा कशाचा हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर येतो. ग्राहकांच्या मनात हा क्रम नेमका उलटा असतो आणि दुकानदारही तो बदलायच्या भानगडीत पडत नाहीत, कारण "प्युअर" हा शब्द विकायला सोपा आहे.

त्यांना हव्या असलेल्या कापसापासूनच सुरुवात केली. कापसाच्या प्रदेशात कापसाला नावे ठेवणे जिवावर येते, पण पँटसाठी मिळणारे सुती कापड बहुधा जाड तिरक्या विणीचे, ड्रीलच्या जातीचे असते. कापूस ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतो आणि घाम लागला की भराभर आणखी शोषतो. मे महिन्यात हा गुण आहे. श्रावणात मात्र शोषलेले पाणी बाहेर पडायला वाट नसते, कापड जड होते, गुडघ्याला फुगे येतात, आणि धुतलेली पँट दोरीवर दुसऱ्या दिवशीही कमरपट्टीत ओलसर लागते. नायटा असलेल्या माणसाने ओली कमरपट्टी घालून घराबाहेर पडणे म्हणजे औषधाचे पैसे वाया घालवणे. सुती कापडावर सुरकुत्या न पडण्याची प्रक्रिया केलेली असेल तर शोषणही कमी होते आणि कापड फाटायलाही लवकर येते. पातळ, साध्या विणीचे सुती कापड यापेक्षा बरे, पण त्याला इस्त्रीची धार टिकत नाही आणि फिक्या रंगात आतले दिसते. या गृहस्थांनी ते पाहताक्षणी बाजूला सारले.

लिननचा विचार जास्त गंभीरपणे झाला. लिनन ओल अधिक धरते, साधारण १२ टक्के, तरी तिचा धागा ताठ असल्यामुळे कापड अंगाला चिकटत नाही, आणि साध्या विणीतून वारा उत्तम जातो. अडचण घडीची आहे. मोटारसायकलवर गुडघ्यामागे एकाच जागी घडी पडत राहिली तर लिननचा धागा त्या रेषेवर झिजून तुटतो, आणि दुपारपर्यंत पँट झोपून उठल्यासारखी दिसते. शाखेतल्या वरिष्ठांपुढे अशा पँटमध्ये उभे राहणे त्यांना मानवणारे नव्हते. कापूस आणि लिनन जवळपास निम्मे-निम्मे असलेले कापड पाहिल्यावर मात्र ते थांबले. त्याला हात लावला तर खरखरीत पण मऊ, घडी पडते पण धारदार पडत नाही. हे कापड उन्हाळ्यासाठी बाजूला काढून ठेवले.

व्हिस्कोस आणि त्याच्या भावंडांवर फार वेळ घालवला नाही. हातात रेशमासारखी वाटली तरी ही कापडे भिजल्यावर मांडीला लपेटून बसतात, आणि व्हिस्कोसचा धागा ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते. खादीचा पोत या कामाला चांगला, पण पन्हा कमी, आटण्याची भीती मोठी आणि एकसारखे दुसरे थान मिळण्याची खात्री नाही, म्हणून तीही मागे पडली.

राहिली लोकर, आणि तिचे नाव काढताच ते हसले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा सूटिंगचा कारखाना असूनही लोकरीचा संबंध इथला माणूस लग्नाच्या सुटाशी आणि डिसेंबरशी जोडतो. आमचे कटिंग मास्तर वयाने साठी उलटलेले. त्यांनी हसण्याला उत्तर दिले नाही, फक्त विचारले, "साहेब, पावसात मेंढ्यांमागे फिरणारा ठेलारी अंगावर काय घेतो?" घोंगडी जाड असते आणि तिची पँट होत नाही, हे खरेच. पण लोकरीचा धागा वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही, आणि नेहमीच्या हवेतही तो १६ टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, ही गोष्ट घोंगडीत आणि बारीक सूटिंगमध्ये सारखीच आहे. पॉलिस्टरचा हाच आकडा अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. शिवाय लोकरीचा धागा दाबला तरी परत उसळतो, म्हणून चुरगळलेली पँट रात्रभर टांगून ठेवली की सकाळी बरीचशी सरळ झालेली असते.

पण लोकर म्हणजे कोणतीही लोकर नव्हे. इथे वीण आणि पीळ निर्णायक ठरले. आम्ही दोन तुकडे खिडकीशी धरले. पहिला तिरक्या विणीचा, मऊ, महागडा, "सुपर १२०" असे किनारीवर छापलेला. दुसरा साध्या विणीचा, दोन पदरी आणि घट्ट पिळाच्या धाग्याचा, हाताला किंचित कोरडा आणि वाळूसारखा. पहिल्यातून उजेड नुसता धूसर दिसला. दुसऱ्यातून खिडकीचे गज ओळखू आले आणि फुंकर पलीकडच्या तळव्याला सरळ लागली. "सुपर"चा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक एवढेच सांगतो. सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत आणि सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. कापड थंड की गरम याच्याशी या आकड्याचा थेट संबंध नाही, उलट अति बारीक तंतूचे मऊ कापड रोजच्या दुचाकीवर बसण्याच्या जागी लवकर झिजते. घट्ट पिळाच्या धाग्यावर लव कमी असते, दोन धाग्यांमधली भोके मोकळी राहतात आणि कापडाला स्वतःचा ताठपणा येतो. म्हणून ते मांडीवर लोळत नाही, मांडीपासून थोडे दूर उभे राहते.

शुद्ध लोकरीचा तो तुकडा त्यांच्या खिशाला जड गेला, आणि घरी धुण्याचाही प्रश्न होता, कारण दर आठवड्याला ड्रायक्लीनिंग करणे कोणालाच परवडत नाही. शेवटी निवड झाली ती ५५ टक्के पॉलिस्टर आणि ४५ टक्के लोकरीच्या टेरिवूलची, पण वीण आणि पीळ त्या दुसऱ्या तुकड्यासारखाच. निम्म्याहून जास्त पॉलिस्टर का घेतले, हा आक्षेप रास्त आहे आणि घरून त्यांच्या पत्नीने फोनवर तो घेतलाही. वस्तुस्थिती अशी की उघड्या विणीच्या कापडात वाऱ्याची वाट भोकांतून जाते, धाग्याच्या पोटातून नव्हे. पॉलिस्टरमुळे पँट लवकर सुकते, धार धरते आणि हाताने धुता येते, आणि ओल पोटात घेण्याचे काम लोकरीचा वाटा बजावतो. दाट विणीतले शंभर टक्के सुती कापड आणि उघड्या विणीतले हे मिश्रण यांत श्रावणापुरती माझी पसंती मिश्रणाला आहे, मग किनारीवर काहीही छापलेले असो.

रंगाचा निर्णय मात्र केळीने केला. केळीच्या बुंध्याचा किंवा घडाच्या दांड्याचा चीक कपड्यावर पडला की सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो, हवा लागल्यावर तपकिरी-काळा होतो आणि मग सहसा निघत नाही. रावेरकडच्या मजुरांचे कपडे पाहिले की हे सांगावे लागत नाही. त्यातून लोकरीला ब्लीच चालत नाही, क्लोरीनच्या ब्लीचने लोकरीचा धागाच विरतो. म्हणून फिक्या राखाडी रंगावरची त्यांची पसंती आम्ही मोडून काढली आणि दोन छटांचे धागे एकत्र विणलेला कॉफी रंग घेतला. त्यात चिकाचे ठिपके बरेचसे दडतात, आणि घामाचा ओला पट्टाही एकरंगी मध्यम खाकीत दिसतो तितका दिसत नाही. गडद रंग उन्हात तापतो हे खरे, पण पावसाळ्यात आकाश बव्हंशी झाकलेले असते. उन्हाळ्याच्या कापूस-लिननसाठी फिका बदामी रंग ठेवला. मेमध्येही बागेत चीक लागणारच, पण कडक उन्हाच्या दिवसांत ते बाग लवकर उरकून बाहेर पडतात.

शिवणाच्या बाबतीत मास्तरांनी बहुतेक गोष्टी स्वतः ठरवल्या. आसन, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग, नेहमीपेक्षा पाऊण इंच खोल घेतले, दोन्ही बाजूंना एक-एक प्लेट (चुणी) दिली, मांडीला उभ्या मापावर अडीच इंचांची सैल ठेवली आणि मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या टोकाचा घेर, सोळा इंचांची केली. खालची दुमड बाहेरच्या बाजूला घेतली नाही, कारण तिच्यात बागेतला चिखल साचतो. पुढचे अस्तर पूर्ण काढून टाकले. लोकर नाजूक कातडीला टोचू नये म्हणून फक्त आसनाच्या शिवणीवर, दोन्ही मांड्यांच्या आत वीतभर उतरेल एवढा पातळ सुती कापडाचा तुकडा लावला. तो घामही टिपतो आणि त्या जागेची झीजही सोसतो. खिशांना विरळ विणीचे पांढरे सुती कापड वापरले आणि खिशाची खोली कमी केली, म्हणजे मांडीवरचा दुहेरी पदर लहान झाला. रबराची पट्टी गेली, कमरपट्टीत चिकटवायच्या बकरमऐवजी शिवून बसवायचे सुती बकरम आले, आणि मागे दीड इंच माया सोडली. कापूस-लिननचा तुकडा कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवला, कारण असे कापड पहिल्या धुण्यात आटून मोहरी बुटापर्यंत वर चढण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. एवढे सगळे करूनही ट्रायलला त्यांनी आरशात पाहून "फार सैल दिसते" अशी तक्रार केली. मास्तरांनी त्यांना दुकानातल्या बुटक्या स्टुलावर पाच मिनिटे बसवले आणि मगच उत्तर मागितले. मोहरी पाऊण इंचाने कमी करण्यावर तडजोड झाली, मांडीला मात्र हात लावला नाही.

ऑगस्टच्या मध्यापासून टेरिवूलच्या दोन पँटी वापरात आल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे बागेत घाम पूर्वीइतकाच येत होता आणि तो थांबावा अशी अपेक्षाही नव्हती. फरक बागेतून बाहेर पडल्यावर होता. बांधावर थोडा वेळ उभे राहिले किंवा गाडी सुरू केली की पँट मांडीवरून सुटी व्हायची, आणि शाखेत पोचेपर्यंत आतला ओलावा उतरलेला असायचा. पावसात भिजल्यावरही हाच अनुभव. नायटा गेला तो औषधाने, आणि ते श्रेय कापडाला देणे चूक ठरेल. मात्र त्या पावसाळ्यात तो पुन्हा उठला नाही. पहिली गैरसोय धुण्यात निघाली. घरच्या नेहमीच्या कडक पावडरीत एकदा पँट भिजत राहिली आणि कापडाचा कोरडा स्पर्श जाऊन ते किंचित लिबलिबीत झाले. तेव्हापासून सौम्य द्रव साबण, थंड पाणी, न पिळता टांगणे आणि इस्त्री करताना वर ओला रुमाल, असा क्रम घरात लागला. दसऱ्यानंतर पँटी आत ठेवताना डांबराच्या गोळ्या घालायची सूचनाही द्यावी लागली, कारण सुती कपड्यांना सवयलेल्या घरात कसर लागण्याची आठवण कोणाला राहत नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात दोन्ही जातींच्या पँटी आलटून पालटून चालल्या. मार्चपासून कापूस-लिनन सुरू झाले आणि मेच्या कोरड्या दुपारी ते टेरिवूलपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले : घाम टिपून घेते, फिका रंग ऊन परतवतो, आणि रात्री धुतलेली पँट सकाळी कडकडीत वाळलेली असते. सुरकुत्यांबद्दल शाखेत दोन-चार टोमणे बसले, पण मेअखेर आणखी एका सहकाऱ्याने तेच कापड नेल्यावर तो विषय आपोआप मिटला. गुडघ्यामागच्या घडीवर एका पँटचा धागा विरळ झालेला दिसतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे रफू करावे लागेल, असे मास्तरांचे म्हणणे आहे.

जूनच्या सुरुवातीला ते तिसरी टेरिवूल शिवायला आले. या वेळी कापड तेच घेतले, पण सुती तुकडा मांडीत आणखी चार बोटे खाली उतरवायला सांगितला आणि मोहरी पुन्हा सोळाची करून घेतली.